पोळा ते सोंगणी : हा महिना कसा काढावा

तान्हा पोळा झाला की पोट्ट्यांचे लाकडी नंदी पुन्हा माळ्यावर जातात आणि खरा अवघड महिना सुरू होतो. डवरणी (पिकातली कोळपणी) आटोपलेली, फवारणीत पैसे गेलेले, कृषी केंद्राची उधारी वहीत चढलेली. सोयाबीनच्या शेंगा भरताहेत, कपाशीला बोंडं धरताहेत, पण सोंगणी, म्हणजे कापणी, होईपर्यंत घरात येण्यासारखं काहीच नाही. वावरात जाऊन उभं राहायचं, आभाळ पाहायचं, घरी येऊन मोबाईलवर भाव पाहायचे. आमचा भाद्रपद दरवर्षी असाच जातो.

अशा वेळी वाचन करा, असं सगळेच सांगतात. मीही केलं. वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली आणि तीन संध्याकाळी त्याच पानावर बसून राहिलो. डोळे ओळीवरून फिरत होते, डोकं मात्र सोसायटीच्या कर्जात. शेवटी मोठी माय म्हणाली, "हात काऊन रिकामे ठेवतं रे बावा? रिकाम्या हातात डोक्सं येऊन बसते." माझ्याकडे पाहिलं तर खरंच, दोन्ही तळहातांत कपाळ धरून बसलेला. तेव्हा कळलं की माझा क्रमच चुकला होता. आधी हात, मग डोळे.

हाताला काम द्या

मी वाती वळतो. गावातले दोघं-चौघं हसले, अजूनही हसतात. कापूस घरचाच, गेल्या हंगामातला एखादा गठुड्यात उरलेला असतोच. बोंडातला एक पाकळीएवढा पुंजका घ्या, बोटांनी सरकी काढा. मग तो दोन्ही हातांनी हळूहळू ओढून विरळ करा, इतका की खालची हाताची रेघ दिसावी. काडीकचरा निघतो तो इथेच. आता चिमूटभर कापूस लांबट करून तळहातावर ठेवा, दुसऱ्या हाताला दुधाचं बोट किंवा थोडी राख लावा आणि वळा. राखेनं पकड येते, नाहीतर कापूस नुसता घसरतो. फुलवात करायची तर पुंजका गोल पसरून कडा वर गोळा करायच्या आणि ओल्या चिमटीनं शेंडा पिळायचा. पहिल्या वीस-पंचवीस वाती सुरवंटासारख्या होतात, होऊ द्या.

एका बैठकीला पन्नास, त्यावर नाही. आकडा आधीच ठरवला की काम संपतं, आणि या महिन्यात काहीतरी संपलेलं दिसणं फार गरजेचं असतं. वाती नको असतील तर गोधडीला टाके घाला, दोरी वळा, विळ्याची मूठ बसवा. मोबाईलमधला खेळ मात्र यात धरू नका. त्याच्या मागोमाग भावाचा मेसेज येतोच.

मग वाचा, पण मोठ्यानं

हात अर्धा तास चालले की डोकं जरा खाली बसतं. तेव्हा पुस्तक उघडा. मनात वाचाल तर चार ओळींत भरकटाल, म्हणून ओठ हलवून वाचा. घरात मोतीबिंदू झालेली आजी असेल तर तिला वाचून दाखवा. ती मधे थांबवते, "मागचं पुन्हा सांग" म्हणते, त्यामुळे तुम्हालाही मागचं लक्षात ठेवावं लागतं.

कादंबरी सध्या राहू द्या. छोट्या कथा घ्या, जुने दिवाळी अंक घ्या. १९०९ पासून मराठीत दिवाळी अंक निघताहेत, त्यामुळे कोणत्याही वाचनालयाच्या कपाटात त्यांची चळत सापडते. गावात वाचनालय नसेल तर शेजारच्या मोठ्या गावात चौकशी करा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड अशा वर्गांची वाचनालयं असतात, गावाकडची बरीचशी ड वर्गातली. कपाट लहान असतं, पण एका महिन्याला पुरतं. आमच्या भागातल्या अनेक घरांत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता असते. तिचे ४१ अध्याय. पोळ्याला सुरू करून रोज एक वाचला तर सोंगणीपर्यंत बरोबर पुरतात, आणि ओवी असल्यामुळे मोठ्यानं वाचायला जीभही अडत नाही.

एक अडचण राहते : पाखरं. या दिवसांत बल्ब लावला की छपरीत ढीग पडतो. बल्बखाली पाण्याची परात ठेवा आणि स्वतः दोन हात लांब बसा.

पाऊस मोजा

हा माझा आवडता उद्योग. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा अंगणात, झाडापासून आणि छपराच्या पागोळ्यांपासून लांब ठेवा. सकाळी आठ वाजता पोरांच्या पट्टीनं पाणी मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. वहीत तारीख, आकडा आणि नक्षत्र लिहा. उत्तरा साधारण १३ सप्टेंबरला लागते, हस्त २७ च्या आसपास. शेजारी एखादी ओळ लिहिली तरी चालते, "आज भारद्वाज दिसला" एवढीही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. तो हिशेब मात्र या वहीत आणू नका, त्याची वही वेगळी.

हे पुरत नसेल तर

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, किंवा जगणं नकोसं वाटतंय, तर वाती वळत बसू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, क्रमांक आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरच्या एका माणसालाही सांगा. फोन लावणं जड जात असेल तर आशाताईंना सांगा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत येतील.

सोंगणीच्या आधी दोन कामं उरकून घ्या. वाचनालयाची पुस्तकं परत करा, नंतर दिवाळीपर्यंत सवड मिळत नाही. आणि वळलेल्या वाती घटस्थापनेच्या आत मंदिरात द्या. मोठी माय प्रत्येक वात उजेडात धरून पाहते आणि सैल असेल ती माझ्याकडे परत टाकते.