अपघाती मृत्यू इंग्रजीत लिहिताना: ‘डाइड’ की ‘वॉज किल्ड’?

‘ट्रकच्या धडकेत दोघे ठार’ असा मथळा वाचून कुणाला खुनाची शंका येत नाही. तीच बातमी इंग्रजीत लिहायची झाली की मात्र ‘किल्ड’ लिहायला हात धजावत नाही, कारण शाळेत ‘किल म्हणजे ठार मारणे’ असं पाठ केलेलं असतं. त्यातलं ‘मारणे’ सोडा, ‘ठार’ तेवढं धरा. ‘टू पीपल वेअर किल्ड इन ॲन ॲक्सिडेंट’ या वाक्यात हेतूचा संबंधच नाही. हेतुपुरस्सर जीव घेतला असेल तर त्याला ‘मर्डर्ड’ आहे.

अपघात, पूर, वीज, दरड अशा बाहेरच्या आघातानं माणूस गेला की ‘वॉज किल्ड’ बिनधास्त वापरा. कर्ता निर्जीव असला तरी चालतं. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली. ‘द लँडस्लाइड किल्ड मोर दॅन 150 पीपल’ हे त्याचं सरळ, स्वच्छ इंग्रजी. मराठीत दरड माणसं ‘मारत’ नाही, पण ‘बळी’ घेतेच की!

‘डाइड’ कुठेही चालतं, फक्त पुढचा शब्द सांभाळावा लागतो. आजारानं गेला तर ‘डाइड ऑफ’, अपघातात गेला तर ‘डाइड इन’, जखमांमुळे गेला तर ‘ऑफ’ किंवा ‘फ्रॉम’. ‘ही वॉज डाइड’ मात्र कधीच नाही. ‘तो वारला होता’मधला ‘होता’ तिथे नकळत घुसतो. स्थिती सांगायची असेल तर ‘ही वॉज डेड’, घटना सांगायची असेल तर नुसतं ‘ही डाइड’.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘टू डेथ’ जोडताना. यावर एक सोपी कसोटी आहे: क्रियापदानंतर ‘पण वाचला’ लावून बघा. वाक्य टिकलं, तर त्या क्रियापदात मृत्यू नाही, तो वेगळा सांगावा लागेल. घास अडकला पण वाचला, हे शक्य आहे. म्हणून मृत्यू झाला असेल तर ‘चोक्ड टू डेथ’. चेंगरण्याचं तसंच, ‘क्रश्ड टू डेथ’. उंचावरून पडून गेला तर ‘फेल टू हिज डेथ’. चाकाखाली आला तर ‘वॉज रन ओव्हर अँड किल्ड’, कारण नुसत्या ‘रन ओव्हर’मधून माणूस जिवंतही निघू शकतो.

‘ड्राउन’ची गोष्ट उलटी. मराठीत ‘तो बुडाला, पण कोळ्यांनी बाहेर काढलं’ असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ‘ही ड्राउन्ड’ म्हटलं की माणूस गेला. वाचला असेल तर ‘ही नियरली ड्राउन्ड’ आणि गेला असेल तर ‘ड्राउन्ड टू डेथ’मधले शेवटचे दोन शब्द फुकट. ‘ही वॉज ड्राउन्ड’ही टाळा, कुणीतरी बुडवलं असा वास येतो.

‘इलेक्ट्रोक्यूट’ याच जातीचं. ‘इलेक्ट्रिसिटी’ आणि ‘एक्झिक्यूट’ जोडून ते अमेरिकेत घडलं, विजेच्या खुर्चीवरच्या मृत्युदंडासाठी. तशी पहिली शिक्षा 1890 साली न्यूयॉर्क राज्यात दिली गेली. हल्ली काही कोशांत गंभीर इजा हा अर्थही सापडतो, तरी बातमीत मृत्यू असेल तरच वापरा. हाताला झटका बसून माणूस सुखरूप असेल तर ‘गॉट ॲन इलेक्ट्रिक शॉक’ पुरे.

मृत्यू कधी झाला, हेही क्रियापद ठरवतं. जागीच गेला तर ‘वॉज किल्ड इन्स्टंटली’. रुग्णालयात तीन दिवसांनी गेला तर ‘डाइड ऑफ हिज इंज्युरीज थ्री डेज लेटर’. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत इथे हमखास ‘सकम्ड टू हिज इंज्युरीज’ येतं. चूक नाही, पण त्यात झुंज देऊन हरल्याचा भाव आहे, त्यामुळे मधे काही काळ गेलेला हवा. ‘सकम्ड ऑन द स्पॉट’ म्हणजे लढाईआधीच हार.

‘एक्स्पायर्ड’ भारतीय रुग्णालयांच्या कागदांवर ठीक. परदेशातल्या वाचकाला आधी पासपोर्ट आठवेल. ‘पास्ड अवे’ सांत्वनाच्या पत्रात शोभतं, अपघाताच्या अहवालात नाही. ‘पेरिश्ड’ आग किंवा जहाज बुडण्यासारख्या मोठ्या दुर्घटनेसाठी राखून ठेवा. टायटॅनिकला चालेल, स्कूटरला नको.

विम्याचा अर्ज किंवा पोलिसांना द्यायचं पत्र असेल तर ‘फ्रॉम’ आणि ‘आफ्टर’ यांतला फरक जपा. ‘डाइड फ्रॉम अ फॉल’ म्हणजे पडणं हेच कारण, असं तुम्ही ठरवून टाकलंत. ‘डाइड आफ्टर अ फॉल’ फक्त क्रम सांगतं. चक्कर येऊन पडला की पडून गेला, हा प्रश्न उघडा राहतो. शवविच्छेदनाचा अहवाल येईपर्यंत ‘आफ्टर’ लिहा. पडताना कुणी पाहिलंच नसेल तर ‘वॉज फाउंड डेड’, आणि पुढे फक्त जागा व वेळ.