जुन्या गाडीची टाकी, काटा आणि पंप : गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून मुलं गॅरेजला लागतात, तेव्हा त्यांच्या हाताला स्कॅनरची सवय झालेली असते. केबल जोडली, कोड वाचला, पार्ट बदलला. मग एक दिवस दारात प्रीमियर पद्मिनी, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती ८०० किंवा जुनी महिंद्रा जीप उभी राहते. तिला केबल जोडायला जागाच नसते. गिऱ्हाईक एवढंच सांगतं, "चालता चालता बंद पडते, थोडं थांबलं की परत चालू होते." मी साताऱ्याकडच्या गॅरेजमध्ये या गाड्यांवर काम करत आलो आहे. माझ्या मते इंधनाच्या तक्रारी शोधायला शिकलेला मुलगा पुढे कुठलीही गाडी शोधू शकतो. कारण इथे प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते आणि मोजताही येते.

इंधनाची वाट सरळ आहे. टाकी, तिचं झाकण, नळी, पंप, फिल्टर, कार्बोरेटर. टाकीत पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याचं काम वेगळं, पण त्याचंही मूळ टाकीतच. तपासणी याच क्रमाने करा. बहुतेक जण बोनेट उघडून थेट कार्बोरेटरला हात घालतात आणि पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी, चांगली बसलेली जेट-पिन विनाकारण हलवून ठेवतात.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती खाली बसते, पिटमध्ये (गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात) साचते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय सांगावं! म्हणून पेट्रोलची टाकी पिटवर उघडायची नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात घ्यायचं, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही. शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर ते थांबवायला सांगायचं, उस्ताद कितीही घाईत असले तरी. आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचं नाही. आपल्याकडे हे सर्रास चालतं, पण तो घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो. दाबायचा रबरी पंप स्वस्तात मिळतो, तो आपल्या पेटीत ठेवा.

याहून मोठा धोका रिकाम्या टाकीत असतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत हवा आणि वाफ यांचं पेटणारं मिश्रण भरलेलं असतं. "आठवडाभर उन्हात ठेवली होती, आता काही होत नाही," असं सांगून कोणी टाकीला गॅस वेल्डिंग मारायला निघालं, तर तिथून बाजूला व्हा आणि त्यालाही थांबवा. पत्र्याच्या सांध्यात मुरलेलं पेट्रोल उष्णता लागताच परत वाफ सोडतं. टाकीला डाख देणं हे वाफेने धुऊन, पाणी भरून काम करणाऱ्या अनुभवी माणसाचं काम आहे. रस्त्यात बारीक भोकातून गळती लागली तर कपडे धुण्याचा साधा साबण घासून दाबा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गाडी गॅरेजपर्यंत येते. मात्र तेवढ्यापुरताच त्याचा भरवसा.

आता झाकण. वीसेक मिनिटं नीट चालून गाडी अडखळते, बंद पडते आणि थोड्या वेळाने परत सुरू होते, अशी तक्रार आली की पहिल्यांदा बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडायला सांगा. सुस्स असा आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढता येत नाही. छिद्र साफ करायला पाच मिनिटं लागतात. याच तक्रारीवर पंप आणि ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदललेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत. मालकाचे पैसे गेले आणि दुखणं तसंच राहिलं, याचं मला वाईट वाटतं.

टाकीच्या आतला गंज हा जुन्या गाडीचा खरा आजार. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी पावसाळाभर उभी राहिली की वरच्या पत्र्यावर ओल धरते. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत ते तयार होतं. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण झालं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. खाली वेगळा थर दिसला की निदान झालं. शिवाय इथेनॉलमुळे जुना चिकटा सुटतो, फिल्टर वारंवार भरतो आणि जुन्या रबराच्या नळ्या फुगतात किंवा तडकतात. नवी नळी घेताना इथेनॉल सोसणारीच मागा. पाण्याची साधी नळी बाहेरून तशीच दिसते, पण ती आतून सोलपटते.

गंज काढायचा तर टाकी उतरवावीच लागते. काट्याचं टाकीतलं युनिट आणि नळ्या काढायच्या, टाकी चांगली धुवायची, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंज काढणारं द्रावण घालून फिरवायचं, हातमोजे आणि चष्मा लावूनच. धुऊन झाल्यावर ती लगेच पूर्ण सुकवा, नाहीतर उघडा पडलेला पत्रा काही तासांत परत तांबडा होतो. टाकी साफ केली आणि जुना फिल्टर तसाच ठेवला, तर ते काम अर्धंच.

काट्याकडे आता जरा निवांत वळू, कारण नवीन मुलं इथेच सर्वांत जास्त गोंधळतात. टाकीत एक युनिट असतं. त्याच्या दांडीला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, असतो आणि फ्लोट वरखाली झाला की रेझिस्टन्स बदलतो. मीटरमधला काटा त्या रेझिस्टन्सवर चालतो. म्हणजे दोष चारच जागी असू शकतो : फ्लोट, युनिट, वायर किंवा मीटर. किल्ली बंद ठेवून युनिटची वायर काढा, मग किल्ली चालू करा. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा रिकाम्याकडे जातो. परत किल्ली बंद करा, ती वायर बॉडीला जोडा आणि मगच किल्ली चालू करा, म्हणजे टाकीजवळ ठिणगी उडत नाही. काटा भरलेल्याकडे सरकला तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष टाकीच्या बाजूला आहे. काही गाड्यांत हे उलटं असतं, म्हणून वायरिंगचा नकाशा आधी बघा. काटा चढलेला दिसला की लगेच किल्ली बंद करा, जास्त वेळ तसं ठेवल्यास काही मीटर जळतात. जुन्या मीटरमध्ये तापून वाकणारी पट्टी असते, त्यामुळे काटा सावकाश चढतो. दोन सेकंदांत हलला नाही म्हणून मीटरला दोष देऊ नका.

युनिट बाहेर काढण्याआधी अर्थ, म्हणजे बॉडीशी असलेली विजेची जोडणी, तपासा. टाकी रबरावर बसलेली असते, अर्थची बारीक वायर गंजते आणि काटा शून्यावर पडून राहतो. वायर घासून घट्ट केली की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील, तर टाकीला हात लावू नका. मीटरच्या मागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा तिथली अर्थ बघा. युनिट काढलंच तर मल्टिमीटर लावून दांडी हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला तर तिथली तार झिजलेली आहे, आणि काटा अर्ध्यावर आल्यावर का उडतो याचं उत्तर तेच. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल वाजलं तर भोक आहे. आगीपासून लांब, गरम पाण्यात तो बुडवला की भोकातून बुडबुडे येतात आणि आतलं पेट्रोलही निघून जातं. डाख अगदी थोडा द्या. जास्त दिला तर फ्लोट जड होऊन काटा कायम कमी दाखवतो.

पंपाचं काम ऐकून सोपं वाटतं. इंजिनाचा कॅम (फिरणारा उंचवटा) दांडा हलवतो, डायफ्रॅम म्हणजे पंपातला लवचीक पडदा खाली जाऊन पेट्रोल ओढतो आणि स्प्रिंग त्याला वर ढकलते. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, इग्निशन कॉइलची वायर काढून इंजिन फिरवा. झटक्याझटक्याने जोरदार धार यायला हवी. धार नाही आली तरी पंप लगेच उतरवू नका. आधी टाकीकडची नळी तपासा, कारण तिला चीर असेल तर पंप नुसती हवा ओढतो आणि बाहेर एक थेंबही गळत नाही. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर डायफ्रॅम फाटला आहे. अशी गाडी चालवत नेऊ नका, ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. पंप परत बसवताना मूळ जाडीचंच पॅकिंग घाला. जाड घातलं तर दांड्याची चाल कमी होते, पातळ घातलं तर दाब वाढून कार्बोरेटर ओसंडतो.

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना गाडी बंद पडली, तर तो पंपाचा दोष असेलच असं नाही. इंजिनाच्या उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते, आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओली चिंधी टाकण्याचा जुन्या फियाटवाल्यांचा उपाय खरोखर चालतो, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण गॅरेजमध्ये त्यावर थांबू नका. नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून (इंजिनातला धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) गेली आहे का, उष्णता अडवणारा पत्रा कोणी काढून टाकला आहे का, ते शोधा.

टाकीतल्या इलेक्ट्रिक पंपासाठी किल्ली चालू करून दोनतीन सेकंद गुणगुण ऐका. आवाज नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि पंपापाशी येणारे व्होल्ट मोजा. हा पंप पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगा. डिझेल जीपच्या इंधनाच्या नळीत हवा शिरली असेल तर हातपंपाने ती हवा काढून गाडी चालू होते, पण ती हवा आली कुठून हे सापडेपर्यंत उद्या परत तेच होणार. नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवीन घाला.

काट्याचं काम केलेली गाडी देताना मी मालकाला पेट्रोल पंपावर सोबत नेतो. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर भरत काटा कुठे येतो ते कागदावर लिहितो आणि तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला देतो. तुमच्या वहीतही तोच तक्ता ठेवा, गाडीचं मॉडेल आणि युनिटचे रिकामे-भरलेले ओहम लिहून. तीच गाडी पुढच्या वर्षी परत आली की तपासणी तिथूनच सुरू करता येते.