वीज नेमकी जाते कुठे? आठ दिवस मीटर बघा
रोज रात्री एकाच वेळेला मीटरवरचा केडब्ल्यूएचचा (kWh, म्हणजे युनिटचा) आकडा वहीत लिहा आणि कालचा वजा करा, तेवढे युनिट त्या दिवशी जळले. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं काहीतरी तासभर चालू. म्हणजे बघा, २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो आणि ७५ वॉटचा जुना पंखा तेवढंच खायला तेरा तास घेतो, म्हणून आधी गिझरच पकडा, आंघोळी लागोपाठ उरकायच्या नि लगेच बटण बंद, खरंच फरक पडतो!! मग सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा बघा, तरी लुकलुकतोय? म्हणजे काहीतरी अजून वीज खातंय, सेटटॉप बॉक्स, चार्जर एकेक काढत जा. महावितरणचं बिल असेल तर महिन्याला १०० युनिटच्या पुढच्या युनिटला दर चढा लागतो, तिकडे लक्ष ठेवा.