घरून व्यवसाय करताना पुण्यात या चुका टाळा

कोथरूडच्या सदनिकेत केकचा व्यवसाय असो, सहकारनगरात शिवणवर्ग असो किंवा धायरीत डबे असोत, सुरुवात बहुधा सारखीच होते: ओळखीचा एजंट ‘शॉप ॲक्ट’ काढून देतो आणि तो कागद हाती आला की सगळ्या परवानग्या मिळाल्या असे गृहीत धरले जाते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ‘शॉप ॲक्ट’ म्हणजेच २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात कामगारांच्या नोकरीचा आणि सेवाशर्तींचा आहे. मोजकेच कामगार असलेल्या व्यावसायिकाला त्याखाली मिळते ती व्यवसाय सुरू केल्याची सूचना दिल्याची पावती. राहत्या घराचा वापर बदलण्याची परवानगी तीत नसते, मग ती कितीही सुबक चौकटीत बसवून भिंतीवर लावा.

वापराचा प्रश्न सुटतो तो महापालिका हद्दीत लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनीच चालवलेल्या घरगुती उद्योगाला निवासी भागात वाव आहे, परंतु बाहेरून पाहणाऱ्याला ते घरच वाटावे, ही त्यामागची अट आहे. त्यामुळे गॅलरीला ठळक फलक टांगणारा माणूस तक्रारदाराच्या हाती आयता पुरावा देतो. पाट्यांची हौस पुण्याला नवी नाही, पण ही हौस येथे आवरावी.

सोसायटीचे हरकतीचे पत्र आले, तर आपली इमारत नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट, हे आधी तपासावे. पुण्यात दोन्हींना सर्रास सोसायटीच म्हणतात. संस्थेत उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, पाहावे लागतात, अपार्टमेंटमध्ये इमारत त्या कायद्याखाली आणताना नोंदवलेले घोषणापत्र. अध्यक्षांनी जिन्यात दिलेली तोंडी संमती समिती बदलली की संपते, म्हणून ती लेखी घ्यावी. शेजाऱ्यांचा खरा राग अनेकदा व्यवसायावर नसून लिफ्ट अडवणाऱ्या पार्सलांवर आणि पार्किंगमधल्या दुचाकींवर असतो, हेही उत्तर लिहिण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. भाडेकरूने तर करारातील ‘केवळ निवासी वापरासाठी’ हे वाक्य आधी वाचावे आणि मालकाचे संमतीपत्र करार होतानाच मागावे, कारण जीएसटी नोंदणीच्या वेळीही ते लागू शकते.

वीजबिलाबाबत भीती आणि बेफिकिरी दोन्ही आढळतात. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर आजवरच्या वीजदर आदेशांनुसार त्याला घरगुती दरच लागू होतो. मोठा ओव्हन किंवा डीप फ्रीझर घेण्यापूर्वी वर्षभराची बिले जोडून पाहावीत आणि मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर महावितरणकडे स्वतःहून वीजदराच्या वर्गबदलाचा अर्ज करावा. तपासणीत अनधिकृत वापर ठरला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. आधी तात्पुरत्या आकारणीचा आदेश येतो. त्यावर मुदतीत लेखी आक्षेप नोंदवता येतो, तो पुराव्यासह नोंदवावा.

मिळकतकराचेही तसेच आहे. स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणारी ४० टक्के सवलत निवासी वापरासाठी आहे. आख्खी सदनिका गोदाम झाली, तर ती सवलत टिकणार नाही. व्यवसायकर मात्र एजंटही विसरतात. उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली असली, तरी पीटीईसीचे (व्यावसायिकाने स्वतःसाठी घ्यायच्या व्यवसायकर नोंदणीचे) वर्षाला २,५०० रुपये त्यामुळे माफ होत नाहीत, आणि थकले की व्याज चढते.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना, मग ते महिन्याला चारच केक का विकेनात, अन्नसुरक्षेची नोंदणी लागते व तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. डब्यांसाठी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणेही नियमबाह्य आहे. १९ किलोचे व्यावसायिक कनेक्शन वेगळे घ्यावे आणि तो सिलिंडर कोठे ठेवणार, हे सोसायटीला दिलेल्या अर्जातच लिहावे.