डुकराचे मांस पातेल्यात जाण्याआधीच बिघडते : या चुका टाळा

लग्नसराई आली की वसईच्या आमच्या पट्ट्यात एक तक्रार हमखास कानावर येते. विंदालूचा मसाला उत्तम वाटला होता, सिरका घरचा होता, तरी मांस चोथ्यासारखे लागले. अशा वेळी दोष आचाऱ्याच्या माथी मारला जातो. मी बावीस वर्षे वराहपालन करतो आहे आणि माझे ठाम मत आहे की डुकराच्या मांसाचा दर्जा बहुतांशी जनावराच्या शेवटच्या काही महिन्यांत, आणि त्यातही शेवटच्या दिवसात ठरतो. आचारी तो राखू शकतो किंवा घालवू शकतो. मुळात नसलेला दर्जा त्याला आणता येत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डुक्कर भर उन्हात, मारझोड करत आणून लगेच कापणे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नासाठी माझ्याकडची दोन डुकरे ठरली होती. टेम्पो पहाटे पाठवा, असे मी बजावले होते. तो आला दुपारी बाराला. त्यात दुसऱ्या शेडमधली तीन डुकरे आधीच चढवलेली होती. मी तेव्हाच नकार द्यायला हवा होता, तो दिला नाही. अनोळखी डुकरे एकत्र आली की वरचढ कोण हे ठरेपर्यंत भांडत राहतात, आणि डुकराला माणसासारखे घाम गाळून अंग थंड करता येत नाही. उतरवताना त्यांना काठ्या बसल्या आणि अर्ध्या तासाच्या आत कत्तल झाली. संध्याकाळी मी लग्नघरी गेलो, तेव्हा परातीतले मांडीचे तुकडे फिकट पडलेले होते, बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा तसाच राहत होता आणि परातीच्या तळाशी गुलाबी पाणी साचले होते. पातेल्यात थेंबभर पाणी न घालताही मांस पाण्यात पोहू लागले आणि शिजल्यावर आक्रसून कोरडे झाले. बिचाऱ्या आचाऱ्याने बोल खाल्ले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जिवंत स्नायूचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ७ असतो. कत्तलीनंतर स्नायूतल्या साखरेच्या साठ्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि सामू कित्येक तासांत सावकाश ५.६ च्या आसपास येतो. तोवर मांस थंडही झालेले असते. भेदरलेल्या, तापलेल्या डुकरात मात्र हे आम्ल इतक्या वेगाने तयार होते की पाऊण तासातच सामू ६ च्या खाली जातो. मांस अजून गरम असताना आम्ल चढले की त्यातली प्रथिने विस्कटतात आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद गमावतात. पिएट्रेनसारख्या काही विदेशी जातींत हा कल जनुकातूनच येतो आणि ते जनुक १९९१ साली ओळखले गेले. आपल्याकडे मात्र मी पाहिलेल्या बहुतेक वेळी कारण एकच होते, ते म्हणजे माणसाची घाई.

माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या संध्याकाळपासून खाद्य बंद, पाणी मात्र भरपूर. डुकरे पहाटे हलवायची, एका शेडमधलीच एकत्र ठेवायची, काठीऐवजी रुंद फळी आडवी धरून पुढे न्यायची. पोहोचल्यावर अंगावर पाणी शिंपडून किमान दोन-तीन तास सावलीत निवांत पडू द्यायचे. नव्याने या धंद्यात आलेल्या तरुणांना हे दोन तास वाया गेल्यासारखे वाटतात. सहा-सात महिने पोसलेले जनावर या दोन तासांच्या अधीरतेपायी बिघडवताना त्यांना काहीच कसे वाटत नाही, याचे मला खरोखर दुःख होते. याच्या उलट, दीर्घ प्रवासाने थकून गेलेल्या डुकराच्या स्नायूंतला साखरेचा साठा आधीच संपलेला असतो. मग पुरेसे आम्लच तयार होत नाही आणि मांस काळपट, चिकट होऊन लवकर नासते.

दुसरी चूक चरबीबद्दलची आहे. गिऱ्हाईक चरबी किती आहे ते पाहते, पण ती कशी आहे ते पाहत नाही. डुक्कर जे तेल खाते ते फारसे न बदलता त्याच्या चरबीत उतरते. हॉटेलातले तेलकट खरकटे किंवा तेल न काढलेला भाताचा कोंडा भरपूर घातला, तर चरबी मऊ आणि तेलकट होते, कातडीपासून सुटू लागते आणि लवकर खवट होते. अशा चरबीची गोव्याकडची चौरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, केली तर ती नीट सुकत नाही. किनाऱ्यावर मासळीचे टाकाऊ भाग फुकट मिळतात म्हणून ते घालणारे पुष्कळ आहेत, आणि मग मांसाला मासळीचा वास येतो म्हणून हळहळणारेही तेच असतात. पिष्टमय खाद्यापासून डुक्कर स्वतः जी चरबी बनवते ती घट्ट आणि पांढरी असते. म्हणून मी शेवटचे दोन महिने तांदळाची कणी आणि ज्वारी यांवर भर देतो. मासळी तर कधीच घालत नाही. खरेदी करताना थंड मांसाची चरबी अंगठ्याने दाबून पाहावी. ती मेणासारखी घट्ट लागली पाहिजे; बोट तेलकट झाले तर ते मांस घेऊ नये.

सकाळी कापलेले मांस ताजे म्हणून दुपारीच शिजवू नये. तेव्हा स्नायू ताठरलेले असतात, म्हणून एक रात्र ते ० ते ४ अंश सेल्सिअसला ठेवावे. विंदालूसाठी कंबरेचे मांस मागू नये, कारण त्यात चरबी आणि संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे, कमी असल्याने ते सुकते. खांदा आणि पोटाचा भाग घ्यावा आणि कुकरच्या शिट्ट्यांवर न सोपवता मंद आचेवर शिजू द्यावा. गावात मोकाट फिरणाऱ्या, विष्ठा खाणाऱ्या डुकराचे मांस घेऊ नये. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे फोड दिसले तर ती पट्टकृमीची अळीअवस्था असते आणि ते सगळे मांस टाकून द्यावे.

शेवटी नराच्या वासाविषयी. खच्ची न केलेला नर वयात आला की अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये त्याच्या चरबीत साठतात. थंड मांसात ती फारशी जाणवत नाहीत. पातेले तापले की घरभर उग्र दर्प सुटतो आणि कितीही आले-लसूण घातले तरी तो जात नाही. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असतानाच पशुवैद्याकडून खच्चीकरण करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. बाहेरून मांस घ्यावे लागले तर मी कातडीलगतच्या चरबीचा नखाएवढा तुकडा तव्यावर तापवून हुंगतो आणि घरातल्या आणखी दोघांनाही हुंगायला लावतो, कारण अँड्रोस्टेनोनचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही.