बुलेटचा नवा आवाज: इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा

जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाच्या 350 सीसी बुलेटमधून वेगळा आवाज आला की लगेच ‘इंजिन काम निघालं’ म्हणणाऱ्यांचा आता वैताग येतो. 70 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90 मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव) हे इंजिन मुळातच बोलकं आहे. थंड असताना पिस्टन थोडा वाजतो, गरम झाल्यावर थांबतो, त्यासाठी पाना उचलायचं कारण नाही. शोधायचा तो कालपर्यंत नसलेला आवाज.

पहिली चूक: आवाज न शोधता क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, काढणं. साताऱ्याकडच्या एका ओळखीच्या पोराची गाडी. आयडलिंगला खडाक-खडाक. गॅरेजवाल्याने नुसतं ऐकून ‘बिग एंड गेलं’ (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) सांगितलं. क्रँक निघाला, पिस्टनला क्रँकशी जोडणारा नवा कनेक्टिंग रॉड पडला, जोडीला सिलिंडरचं बोअरिंगही झालं. गाडी जोडून किक मारली, तर तोच आवाज! पोराचे साठवलेले पैसे गेले ते गेलेच.

माझ्याकडे आणली तेव्हा मी फक्त ॲक्सिलरेटर हलकासा दिला. आवाज गायब. सोडला की परत हजर. बिग एंड असं वागत नाही, तो लोडवर, चढाला जास्त ठोकतो. मग लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक एकेका जागी टेकवत गेलो. डावीकडच्या प्रायमरी कव्हरवर (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणाऱ्या चेनचं झाकण) दणदणीत आवाज, बाकी सगळीकडे शांत. कव्हर उघडलं तर आतल्या भिंतीवर चेन घासून चकचकीत पट्टा पडला होता. चेन एका जागी ताठ, अर्धा फेरा फिरवला की लोंबणारी. अशी चेन ॲडजस्ट करण्यात अर्थ नसतो, बदलावीच लागते. प्रायमरीचा ढिलेपणा मी नेहमी इंजिन फिरवत चार-पाच जागी बघतो आणि सगळ्यात ताठ जागी साधारण 6 मिमी ठेवतो. एकाच जागी बोट लावून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यांनी हे काम करू नये.

दुसरी चूक: गरम इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं ॲडजस्टमेंट) आवळणं. नवशिक्यांची लाडकी चूक. टिकटिक ऐकवत नाही, म्हणून राइडवरून येतात आणि लगेच उजवीकडचं टॅपेट कव्हर खोलतात. रात्रभर थंड होऊ द्या. पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, वर आणा. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या त्या दांड्या) बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत, पण वर-खाली हलता कामा नयेत. आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून आणखी आवळलंत तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडी टिकटिक परवडली.

टॅपेट बरोबर असूनही टिकटिक येत असेल तर हेडपाशी (सिलिंडरच्या वरच्या भागापाशी) बेंडपाइप, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, बघा. तिथे काजळी दिसली तर गॅस लीक आहे.

घाटात टॉप गिअरला धातूची खळखळ होत असेल तर आधी गिअर उतरवा, मग इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा.

ढिले भागही वाजतात. इंजिन माउंटिंग, हेडला फ्रेमशी धरणारी पट्टी, मडगार्ड, स्टँडची स्प्रिंग यांवर पाना फिरवायला दहा मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसेल तर जुनी गाडी घेऊ नका.

आवाज दाबायला इंजिनात जाडसर गिअर ऑइल ओतणं ही शुद्ध फसवणूक आहे, गाडी विकताना तर जास्तच.

आणि आवाज खोल, जड, दर फेऱ्याला वाढणारा असेल तर आधी ऑइल फिरतंय का बघा. हेडला जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट जरासा ढिला करा, गाडी चालू असताना तिथे ऑइल झिरपलं पाहिजे. कोरडं असेल तर ताबडतोब बंद करा. गॅरेजपर्यंतसुद्धा चालवू नका, टेम्पोत घालून न्या.