वर्तुळ शिकवताना आधी बांगडी, मग कंपास

सातवी-आठवीला वर्तुळ शिकवताना पहिल्या तासाला मी कंपासपेटी उघडूच देत नाही. कंपासने वर्तुळ काढलं की टोकाचं भोक कागदावर उमटतं आणि केंद्र आयतं मिळतं. ते शोधायची वेळच मुलांवर येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक बांगडी द्या, प्लास्टिकची किंवा धातूची. पाठकोऱ्या कागदावर आतल्या कडेने पेन्सिल फिरवायला सांगा आणि विचारा, याचं केंद्र कुठे?

मुलं अंदाजाने ठिपका देतील. तो बरोबर आहे का, हे कसं तपासायचं ते त्यांनाच ठरवू द्या. कुणीतरी ठिपक्यापासून कडेपर्यंत चारी बाजूंनी पट्टी लावतंच, आणि व्याख्या तिथेच हाती येते.

मग वर्तुळ कापून दोनदा वेगवेगळी, बरोबर अर्ध्यावर घडी घातली की दोन व्यास आणि केंद्र मिळतं. इथे रेंगाळू नका. वेळ द्यायचा तो पुढच्या प्रश्नाला: फरशीवर खडूने काढलेल्या वर्तुळाची घडी कशी घालणार?

त्यासाठी कापलेल्या वर्तुळावर एक जीवा काढा आणि तिची दोन टोकं एकमेकांवर आणून घडी घाला. घडी जीवेला काटकोनात दुभागते आणि थेट केंद्रातून जाते. जीवा बदलली तरी तसंच होतं. आता कंपास उघडा. फरशीवर दोन जीवा, दोन लंबदुभाजक, ते छेदतात तिथे केंद्र. एखाद्या गटाने समांतर जीवा घेतल्या तर अडवू नका. दोन्ही दुभाजक एकाच रेषेत येतील आणि का, यावर वर्गात छान चर्चा होईल. पुठ्ठ्याच्या गोल चकतीचा कडेचा तुकडा देऊन अख्खी चकती काढायला लावा. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच.

परीघासाठीही बांगडीच घ्या, कारण तिचं माप मुलींना पाठ असतं. 'दोन-आठ' म्हणजे दोन पूर्णांक आठ सोळांश, अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर आतला व्यास. पट्टीने मोजून पडताळा. मग दोऱ्याने परीघ मोजून व्यासाने भागायचं. इथे एक घोळ हमखास होतो: दोरा बाहेरून गुंडाळतात आणि व्यास आतला घेतात. बांगडी ३ मिलिमीटर जाड असेल तर उत्तर ३.४४ च्या आसपास येतं. अशी उत्तरं पुसू नका. सगळी फळ्यावर लिहा आणि फरक कुठून आला ते मुलांना शोधायला लावा. दोन्ही मापं बाहेरून घेतली की आकडे ३.१ च्या जवळ गोळा होतात.

यानंतर आर्यभटांची कृती करून घ्या. इ.स. ४९९ च्या सुमाराची आहे, पण पाचवीच्या मुलालाही जमेल: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२,००० मिळवा. येतात ६२,८३२. हा २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. भागाकार ३.१४१६. आर्यभटांनी स्वतःच त्याला 'आसन्न', म्हणजे जवळचा, म्हटलं आहे. फळ्यावर २२/७ लिहाल तेव्हा त्याच्याशेजारी 'जवळपास' हा शब्दही लिहा, आणि २२ ला ७ ने भागून दोन्हींतला फरक कितव्या दशांशस्थळी दिसतो, ते घरी काढायला द्या.